सात वाजल्यानंतरची बाग

पावणेसात वाजले की आमच्या बागेत रोज एकच हाक ऐकू येते. "चल बाळा, सात वाजत आले." एक आई उठते, तिच्या मागोमाग दुसरी, मग भडंगाचा पुडा मध्ये ठेवून गप्पा मारत बसलेल्या दोघी. दहा मिनिटांत घसरगुंडी ओस पडते. सव्वासातच्या सुमाराला कोपऱ्यातल्या, दिवा गेलेल्या बाकावर चार-पाच जण येऊन बसतात. मग मोठमोठ्यानं शिव्या, प्लॅस्टिकचे पेले, खिशातून निघणारी चपटी, ट्रॅकवरून जाणाऱ्या मुलीकडे बघून मारलेली शिट्टी.

सकाळी सहाला झाडणाऱ्या मावशी घसरगुंडीखालच्या वाळूत उकिडव्या बसून बोटांनी काचा वेचतात. झाडूनं वाळूतली काच निघत नाही, उलट खाली जाते. एकदा मी विचारलं, "मावशी, हातमोजे दिलेत ना?" त्या म्हणाल्या, "दिल्यात की. पर मोजं घातलं की बारीक काच बोटाला लागतच न्हाई. आन् पोरं अनवाणी खेळत्यात हितं."

ही बाग सांगलीच्या विश्रामबाग भागातली. पण सांगली असो, मिरज असो की सातारा, 'उद्यान बनले मद्यपींचा अड्डा' या मथळ्याची बातमी तुम्हीही वाचलेली असणार. बातमी येते, दोन दिवस पोलिसांची गाडी फिरते, चार जणांवर कारवाई होते आणि पंधरा दिवसांत बाक पुन्हा भरतो. असं का होतं, आणि हल्ली सगळीकडे ऐकू येणारा 'लोकसहभाग' हा शब्द इथं नेमका काय कामाचा, हे मला सांगायचं आहे.

उपद्रव कशाला म्हणायचं, कशाला नाही

अभ्यासक ज्याला 'असामाजिक वर्तन' म्हणतात, त्याचा साधा अर्थ असा: सार्वजनिक जागेतलं असं वागणं, ज्यानं दुसऱ्याला भीती वाटते, त्रास होतो आणि शेवटी तो त्या जागेवर यायचाच बंद होतो. यापुढे मी त्याला नुसतं उपद्रव म्हणते. दारू पिऊन धिंगाणा, छेडछाड, खेळण्यांची मोडतोड, जुगार, नशेच्या पदार्थांची देवघेव, सायलेन्सर काढलेली गाडी ट्रॅकवर घालणं, हे सगळं त्यात आलं.

यात काय येत नाही, हेही इथंच सांगते, कारण बहुतेक भांडणं तिथून सुरू होतात. बाकावर शांत बसलेलं जोडपं हा उपद्रव नव्हे. दुपारी झाडाखाली आडवा झालेला मजूर हा उपद्रव नव्हे. मोठ्यानं हसणारी, क्रिकेट खेळणारी, आपल्याला न आवडणारी गाणी लावणारी पोरंही लगेच गुन्हेगार होत नाहीत. 'मला आवडत नाही' आणि 'मला इथं येता येत नाही' यांत फरक आहे, आणि सगळा विचार त्या दुसऱ्या वाक्यावर उभा राहायला हवा.

टोळकं आधी आलं, की माणसं आधी गेली?

आपण गृहीत धरतो की टवाळखोर आले म्हणून लोक यायचे थांबले. आमच्या बागेपुरतं मी मागं जाऊन आठवायचा प्रयत्न केला, तर क्रम उलटा निघाला. आधी पावसाळ्यात कोपऱ्यातला दिवा गेला. तो बदलून मिळावा म्हणून आमच्यापैकी कुणी लेखी कळवलंच नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं कळवलं असेल. अंधार झाला म्हणून चालणाऱ्या बायकांनी तो कोपरा टाळून छोटा फेरा धरला. फाटकाशेजारी भेळेचा गाडा लावणारे आप्पा आजारी पडले आणि गाडा बंद झाला. आप्पा कुणाला रागावत नसत, पण रात्री नऊपर्यंत एक जागतं माणूस तिथं उभं असायचं. ते गेलं. कोपऱ्यातल्या बाकावर पहिली बाटली दिसली ती यानंतर.

रान पडीक टाकलं की हराळी आणि कुंदा कुठून बोलवावा लागत नाही. तण आलं म्हणून कुणी रान सोडत नाही, रान सोडलं म्हणून तण येतं. बागेचंही तसंच आहे.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये हेच शास्त्रीय भाषेत मांडलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळाव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, सोपी संधी, आणि हटकू शकणाऱ्या माणसाची गैरहजेरी. तीनपैकी एक काढली तरी गोष्ट घडत नाही. जगातल्या सगळ्या टवाळांना सुधारणं आपल्या हातात नाही. पण उरलेल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत. आणि इथं 'हटकणारा' म्हणजे लाठीवाला असायला हवा असंही नाही. आप्पांचा गाडा हटकतच होता, एक शब्द न बोलता.

मराठीत याला फार नेमका शब्द आहे: राबता. ज्या देवळात, ज्या वाड्यात, ज्या पारावर माणसांचा राबता आहे, तिथं वेडंवाकडं काही करायचं धाडस होत नाही.

बागेची पातळी कशी मोजायची

ऑगस्टमध्ये सांगलीकर सकाळी उठून आधी काय विचारतो? "आयर्विनला पाणी किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 ला तो आकडा 57 च्या पुढं गेला आणि गावभर होड्या फिरल्या. पण पाणी घरात शिरेपर्यंत कुणी वाट बघत बसत नाही. चाळिसाला सामान माळ्यावर चढायला लागतं.

बागेलाही अशी पातळी असते. विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं न्यूयॉर्कच्या चौकांत आणि बागांत कॅमेरे लावून, वर्षानुवर्षं बसून, माणसं जागा कशी वापरतात याची बारकाईनं नोंद केली. त्याचं एक निरीक्षण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: जागा चांगली आहे की नाही हे ओळखायचं असेल तर तिथं बायका किती आहेत ते बघा. बायका जागा निवडताना जास्त पारखून घेतात. त्यांचं प्रमाण घटलं की काहीतरी बिघडतं आहे असं समजावं, मग अजून एकही तक्रार आलेली नसली तरी.

म्हणजे संध्याकाळी सातनंतर बागेत बायका आणि मुली कमी व्हायला लागल्या की ती इशारा पातळी. आजी-आजोबांनीही फिरणं सकाळवर ढकललं की धोका पातळी. पोलिसांत फोन जातो तोपर्यंत पाणी घरात शिरलेलं असतं.

व्हाइटच्या याच विचारावर न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क पुन्हा उभं राहिलं. शहराच्या ऐन मध्यात, मोठ्या ग्रंथालयाच्या पाठीमागे असलेली ही बाग 1970 च्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या हातात गेली होती. 1930 च्या दशकात तिची रचना करताना तिला रस्त्यापासून उंच ठेवून भोवती कुंपण आणि दाट झुडपांची भिंत घातली होती. गोंगाटापासून निवांतपणा मिळावा, हा हेतू. झालं असं की आतलं बाहेरून दिसेना, आणि विक्रेत्यांना तेच हवं होतं. व्हाइटनं सांगितलं, बाग बंदिस्त आहे म्हणून बिघडली आहे, ती उघडी करा. 1988 ते 1992 बाग दुरुस्तीसाठी बंद राहिली. झुडपं काढली, वाटा रुंद केल्या, खाण्याचे ठेले आले, स्वच्छतागृह नीट केलं आणि उचलून हव्या तिथं ठेवता येतील अशा शेकडो सुट्या खुर्च्या मांडल्या. लोक म्हणाले, खुर्च्या चोरीला जातील. त्या खुर्च्यांवर आज दुपारी ऑफिसातले लोक डबा खातात.

न्यूयॉर्कच्या त्या बागेमागे मोठा पैसा होता, आपल्या बागेमागे नाही, हे मला कळतं. पण झुडूप कमरेइतकं ठेवायला आणि झाडाच्या खालच्या फांद्या वर उचलायला न्यूयॉर्कचा पैसा लागत नाही. फक्त कोयता घेऊन स्वतः सुरू होऊ नका. शहरी भागातल्या झाडांना 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, छाटणीसाठी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज करावा.

मग पोलीस कशाला आहेत?

तासगावच्या बाजूचा कुठलाही द्राक्ष बागायतदार सांगेल की डाऊनी रोग आल्यावर फवारणी करावीच लागते. पण वेलीची विरळणी नीट केली नसेल, पानांच्या गर्दीतून वारं आणि ऊन फिरत नसेल, तर फवारे मारून मारून टाकी रिकामी होते आणि रोग तिथंच राहतो. पोलिसांची धाड म्हणजे फवारणी. ती लागते. बागेची रचना, दिवे आणि राबता म्हणजे विरळणी.

फवारणीचं औषध कोणतं, तेही माहीत हवं. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याला त्रास होईल असं वागणाऱ्याला जुन्या कायद्यात 24 तासांपर्यंत कैद किंवा 10 रुपयांपर्यंत दंड होता. होय, दहा रुपये. नव्या संहितेच्या कलम 355 मध्ये कैद तेवढीच राहिली, दंड 1000 रुपयांपर्यंत गेला आणि एक नवी शिक्षा आली: समुदाय सेवा. म्हणजे कोर्टानं सांगितलेलं, समाजाच्या उपयोगाचं काम विनामोबदला करायचं. वाळूतली काच वेचायला कुणाला लावावं, याचं उत्तर आता कायद्यातही सापडू शकतं.

याखेरीज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचं कलम 85 आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमातली सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाची कलमं आहेतच. बाईचा अपमान होईल असे शब्द, आवाज किंवा हावभाव केले तर न्याय संहितेच्या कलम 79 खाली तीन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. आणि ज्याचा वापर मला अधिक व्हावासा वाटतो ते बाल न्याय अधिनियमाचं कलम 77: अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी सांगलीजवळच्या कुपवाडला मेफेड्रोन या अमली पदार्थाचा मोठा साठा पकडला, तेव्हापासून इथल्या आईबापांच्या पोटात गोळा आहे. त्यांनी हे कलम लक्षात ठेवावं. बाकावर बसलेला सोळा वर्षांचा मुलगा हा बळी आहे, त्याला पुडी देणारा गुन्हेगार.

एवढे कायदे असूनही बाक भरतो, कारण कायदा चालवायला माणूस लागतो आणि एका बीटमधल्या, म्हणजे ठाण्यानं गस्तीसाठी वाटून दिलेल्या भागातल्या, दोन अंमलदारांच्या वाट्याला बाजार, बँका, शाळा, मिरवणुका, भांडणं सगळंच येतं. ते बागेत दहा मिनिटं येऊ शकतात. उरलेली रात्र बाग कुणाच्या तरी दुसऱ्याच्या भरवशावर असते.

"कॅमेरे लावा, नाहीतर कुलूप घाला"

बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत येणाऱ्या या दोन सूचना. कॅमेरा वाईट नाही. पण त्याला अंधारात दिसावं लागतं, तो चालू असावा लागतो आणि पलीकडं कुणीतरी बघत असावं लागतं. ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन या गुन्हेशास्त्रज्ञांनी देशोदेशीच्या प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा कॅमेऱ्यांचा सर्वांत ठळक उपयोग वाहनतळांवर झालेला दिसला. उभी गाडी फोडणारा चोर कॅमेऱ्याला बिचकतो. प्यायलेल्या माणसाला कॅमेऱ्याची आठवण राहत नाही. शिवाय कॅमेरा झालेलं दाखवतो, ट्रॅकवर एकट्या असलेल्या मुलीला त्या क्षणी तो सोबत करत नाही. म्हणून पैसे थोडे असतील तर आधी दिवे, मग कॅमेरा.

कुलपाचं गणित सोपं आहे. सातला फाटक बंद केलं तर नोकरीवरून साडेसहाला घरी पोचणारी बाई चालायला येऊच शकत नाही. भिंतीवरून उडी मारणाऱ्याला मात्र फाटकाशी देणंघेणं नसतं. रात्री दहाला कुलूप लावणं वेगळं, त्याला माझी हरकत नाही. पण सातचं कुलूप म्हणजे ज्यांनी राबता ठेवायचा त्यांनाच बाहेर काढणं.

भागीदारी म्हणजे नेमकं काय

पोलीस, पालिका आणि रहिवासी यांनी एकाच जागेची जबाबदारी वाटून घेणं, कुणी काय करायचं ते लिहून ठेवणं आणि ठरल्या दिवशी एकमेकांना हिशोब देणं, याला भागीदारी म्हणतात. यातला 'हिशोब' वगळला की उरतो तो फक्त वृक्षारोपणाचा फोटो.

ही कल्पना आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. आपल्याच तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सडण्याआधी गावानंच, कायद्याच्या चौकटीत, सामोपचारानं मिटवायचे आणि नवे उभे राहू द्यायचे नाहीत. पोलिसांचं काम काढून घेतलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचण्याआधीचा जो मोठा मोकळा पट्टा असतो, तिथं गावाला उभं केलं होतं.

शहरातलं उदाहरण भिवंडीचं. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या या गावात 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्याच वस्तीतले हिंदू-मुस्लिम शेजारी आणि बीटचा पोलीस नियमित एकत्र बसायचे, शांततेच्या काळातही. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगल आणि बागेतला उपद्रव यांची तुलना होऊ शकत नाही, पण रीत तीच आहे: संकटाच्या दिवशी ओळख करून घेता येत नाही, ती आधी असावी लागते.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतल्या वस्त्यांचा अभ्यास करून 1997 मध्ये हेच दाखवलं. ज्या वस्तीत शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास असतो आणि 'वेळ आली तर लोक पुढं येतील' अशी खात्री असते, तिथं हिंसाचार कमी आढळतो, वस्ती गरीब असली तरी. सांगलीला हे पटवून द्यावं लागणार नाही. 2019 ला पूर ओसरल्यावर ज्यांची नावंही माहीत नव्हती अशा लोकांनी एकमेकांच्या घरातला गाळ पाट्यांनी उपसला होता. ती खात्री या गावात आहे. ती पुराच्या वर्षीच बाहेर येते, एवढंच.

"आम्ही घरपट्टी भरतो, बाग आम्ही का राखायची?"

हा आक्षेप मला रास्त वाटतो आणि तो झटकून टाकू नये. भागीदारीच्या नावाखाली माळ्याची जागा रिकामी ठेवायची आणि आजोबांच्या हातात पाइप द्यायचा, असं होत असेल तर त्याला विरोधच करायला हवा. दिवे, पाणी, स्वच्छतागृह, खेळण्यांची दुरुस्ती, रखवालदाराचा पगार ही पालिकेची कामं. ती लेखी मागायची, पोच घ्यायची, महिन्यानं पुन्हा विचारायचं. गस्त आणि कारवाई हे पोलिसांचं काम.

रहिवाशांचं काम त्या दोघांनाही पैसे देऊन करून घेता येत नाही: तिथं असणं. ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक हॉलऐवजी बागेत, बचत गटाचा हिशोब मंगळवारी सातला त्याच कोपऱ्यातल्या बाकावर, योगवर्ग सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आमच्याकडे चार बायकांनी ठरवून भिशी तिथं न्यायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात बाकावरची पोरं हलली नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ती आपणहून पलीकडच्या कट्ट्यावर गेली. आम्ही त्यांना काही बोललोही नव्हतो.

स्वच्छ, राखलेल्या जागेचा परिणाम किती होतो, याचा एक मोठा पुरावा फिलाडेल्फियाचा आहे. तिथल्या 541 पडीक भूखंडांपैकी काही चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून साफ केले, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. 2018 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत अशा भूखंडांच्या आसपासचा बंदुकीचा हिंसाचार 29 टक्क्यांनी घटला. गवत कापल्यानं. बंदुकीपुढं गवत टिकत असेल तर चपटीपुढंही टिकेल.

त्या पोरांचं काय?

भिशीच्या चौथ्या आठवड्यात मी त्या कट्ट्यावर जाऊन बसले. भीती वाटत होती, म्हणून सोबत एका शेजारणीला घेतलं होतं. एकदोघं उठून गेली. राहिलेल्यांतला एक म्हणाला, "काकू, घरी वडील नाइटला जायच्या आधी झोपत्यात. एकच खोली. आम्ही कुठं बसायचं सांगा." कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीनं काम करणाऱ्यांच्या घरातली ही साधी अडचण मला तोवर सुचलीही नव्हती. सगळेच असे नसतात, हे खरं. पण एका बाकावरची पाच पोरं ही पाच वेगळी माणसं असतात. कुणी अभ्यासाला जागा नसलेला, कुणी नुसता सोबतीला आलेला, कुणी व्यसनात अडकलेला, आणि एखादा खरोखर त्रास देणारा. त्या एकासाठी पोलीस. व्यसनवाल्यासाठी 14446 हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर. उरलेल्या तिघांना बागेतच जागा हवी.

जागा म्हणजे काय, हे व्हिएन्ना शहराकडून शिकावं. तिथं 1990 च्या दशकात पाहणी केली तेव्हा दिसलं की नऊ वर्षांपुढच्या मुली बागेत दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात. मोकळं मैदान एकच असलं की ते जोरात खेळणाऱ्यांच्या ताब्यात जातं. मग 1999 पासून दोन बागांत बदल केले: मोठ्या मैदानाचे छोटे भाग, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय, चांगली वाट, जास्त उजेड. मुली परत आल्या. आपल्या बागेत लहानांना झोपाळे असतात, म्हाताऱ्यांना बाक असतात. तेरा ते वीस या वयासाठी काय असतं? बघा आठवून. बॅडमिंटनची जाळी, कॅरम, दिव्याखालचं एक वाचायचं टेबल, यांतलं काहीच नसतं. ज्याच्यासाठी काहीच ठेवलं नाही तो अंधारा कोपराच घेणार.

"इथून हाकलले तर ते दुसऱ्या बागेत जातील" असंही म्हणतात. काही जातात. पण या विषयावरच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे की सगळा उपद्रव जसाच्या तसा सरकत नाही. बराचसा सोपी संधी होती म्हणूनच घडत असतो. पुष्कळदा तर शेजारच्या गल्लीलाही थोडा फायदा मिळतो.

यातून दादागिरी माजली तर?

आमच्या बैठकीत एक अण्णा तावातावानं म्हणाले, "एकेकाला पत्री ठोकायला पाहिजे." या मातीत हा शब्द सहज तोंडात येतो. 1942 च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार जिथं चाललं, त्या तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याची कितीतरी गावं होती. गावगुंडांना आणि इंग्रजांच्या खबऱ्यांना दिलेल्या शिक्षांवरून लोक त्याला पत्री सरकार म्हणू लागले. मी अण्णांना एवढंच म्हटलं की ते राज्य परक्यांचं होतं, म्हणून लोकांना आपलं न्यायदान उभं करावं लागलं. आज ठाणं आपलं आहे, कोर्ट आपलं आहे.

म्हणून रहिवाशांच्या गटानं चार मर्यादा आधीच कागदावर घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. कुणाचा फोटो किंवा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवायचा नाही, विशेषतः अल्पवयीन मुलाचा. कुणाची जात, धर्म, वस्ती विचारायची नाही. बसलेल्या जोडप्याला त्रास द्यायचा नाही. प्रेम करणाऱ्या दोन सज्ञान माणसांना हुसकावणारा गट हा स्वतःच उपद्रव असतो, आणि त्या मुलीसाठी बाग तेवढीच असुरक्षित होते.

भांडण किंवा हत्यार दिसलं तर मध्ये पडायचं नाही. लांब जाऊन 112 ला फोन करायचा, आणि "लवकर या, दंगा चाललाय" एवढंच न सांगता बागेचं नाव, कुठलं फाटक, किती माणसं, कुणाला लागलंय का, हे सांगायचं.

सुरुवात एका कागदानं

येत्या आठवड्यात तीन संध्याकाळी सात, आठ आणि नऊ वाजता बागेत एक फेरी मारा. कागदावर बागेचा ढोबळ नकाशा काढा. बंद दिव्यावर फुली, उघड्या स्वच्छतागृहावर गोल, आणि प्रत्येक वेळी बायका किती, पुरुष किती, मुलं किती हे आकडे. बीट अंमलदार आणि प्रभाग कार्यालय, दोघांसमोर हा कागद ठेवा. 'बागेत फार त्रास आहे' या तक्रारीला उत्तर देणं सोपं असतं. 'मंगळवारी आठ वाजता 31 पुरुष, 2 बायका, ईशान्य कोपऱ्यात तीन दिवे बंद' असं लिहिलेल्या कागदाला टाळणं अवघड जातं.

आमचा तसा कागद झाला तेव्हा कळलं की बायकांच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप असतं. उघडं ठेवलं तर आत कुणी पिऊन बसेल, या भीतीनं. म्हणजे बायकांना दीड तासाच्या वर बागेत थांबताच येत नव्हतं, आणि आम्ही मात्र त्या सातला का जातात याचा विचार अंधाराच्या अंगानंच करत होतो. कोपऱ्यातला दिवा आता लागला आहे. आप्पांच्या जागी त्यांची सून गाडा लावते. कुलपाची किल्ली गाड्याच्या दांडीला, कांद्याच्या पिशवीशेजारी टांगलेली असते, आणि मागितली की ती हात पुसून काढून देते.